मासेयोतलं सगळ्यात सेफ हॉटेल

चहा घ्या आधी. आणि हसायचं ते शेवटी एकदम हसा, मध्येच नको, नाहीतर मला पुढचं सांगवत नाही. मी ब्राझीलमध्ये राहायला सेफ जागा शोधायला बसलो आणि काय शोधून काढलं, हे इंग्लंडमध्ये आजवर दोनच माणसांना माहीत होतं. ब्राझीलमध्ये मात्र एका अख्ख्या इमारतीला माहीत आहे!

तुमच्यातल्या नव्या मंडळींसाठी थोडक्यात सांगतो. मी मंदार. वय शेहेचाळीस, मूळ पुण्याचा, अकरा वर्षं इथे मिल्टन कीन्समध्ये. लग्नाचं जमलं नाही. ऑफिसात माझं काम रिस्कचं. म्हणजे कुठलंही काम सुरू व्हायच्या आधी त्यात काय काय बिघडू शकतं याची यादी करायची, प्रत्येकापुढे शक्यता लिहायची, उपाय लिहायचा. त्या यादीला रिस्क रजिस्टर म्हणतात. दिवसभर वाईट काय होईल याचा विचार करायचा! आमच्या आईला हे काम पदवीशिवाय जमायचं.

तर जानेवारीत आमच्या मॅनेजरबाई म्हणाल्या, "मंदार, तुझी रजा तशीच पडून आहे. मार्चअखेर घेतली नाहीस तर लॅप्स होईल. कुठे जातोस?"

त्यांना वाटलं असेल, हा इथलंच लेक डिस्ट्रिक्ट म्हणेल. माझ्या तोंडून निघून गेलं, "ब्राझील."

आता ब्राझीलच का? इंजिनिअरिंगला असताना आमच्या हॉस्टेलच्या खोलीत एक कॅलेंडर होतं, कुठल्याशा रंगाच्या दुकानाचं. त्यातलं मे महिन्याचं पान आम्ही तीन वर्षं उलटलं नाही. हिरवंनिळं पाणी, पांढऱ्या शिडाच्या होड्या आणि खाली बारीक अक्षरात लिहिलेलं, मासेयो, ब्राझील. आम्ही म्हणजे मी आणि समीर. एकदा तरी इथे जायचंच आणि दोघांनीच जायचं, अशी शपथ घेतली होती आम्ही. तोच समीर आता लंडनच्या कडेला, स्टॅनमोरला राहतो. बायको मृणाल हॉस्पिटलात डॉक्टर, मुलगी अन्वी, सगळं छान. माझ्या दारापासून चाळीस मैल. तुम्हाला वाटेल, दर रविवारी भेटत असतील. शेवटचे भेटलो होतो ते गणपतीत, मंडळाच्या हॉलमध्ये, हातात ताटं धरून, सात मिनिटं.

पण शपथ म्हणजे शपथ. लावला फोन.

"समीर, मासेयोला जायचं का?"

"कोण मासेयो?"

बघा! मग मी कॅलेंडरची आठवण करून दिली.

"आयला, ते होय! अरे पण मंद्या, या वर्षी अन्वीची दहावी आहे रे, जीसीएसई. शिवाय मृणालच्या ड्यूट्या. तू जा, मस्त फोटो पाठव. कोणाबरोबर चाललायस?"

इथे मी खरं सांगायला हवं होतं. "ऑफिसचा ग्रुप आहे," मी म्हणालो. "आठ जण."

आठ! अहो, दोन म्हणालो असतो तरी चाललं असतं. पण एकटा माणूस खोटं बोलायला लागला की हात आखडता घेत नाही. हे आठ जण लक्षात ठेवा, पुढे येणार आहेत.

एकट्यानेच जायचं म्हटल्यावर मला घाम फुटला. मी नवीन रजिस्टर उघडलं. पाकीट हरवणं, पाय मुरगळणं, टॅक्सीवाल्याने भलतीकडे नेणं, अशा एकसष्ट ओळी झाल्या. मग आपल्या इथल्या मराठी ग्रुपवर विचारलं की मासेयोत सेफ एरिया कुठला. ग्रुपवरचं कोणीच ब्राझीलला गेलेलं नव्हतं, त्यामुळे सगळ्यांनी सल्ले दिले. एक म्हणाले, समुद्रासमोर राहा, वर्दळ असते. दुसरे म्हणाले, समुद्रासमोर अजिबात नको, वर्दळ असते. एका काकूंनी नुसतेच हात जोडलेले पाठवले.

नेटवर तर सगळे एकच सांगत होते. पोन्ता व्हेर्दे नावाच्या भागात राहा, समुद्रकाठी हॉटेलं आहेत, माणसांची जाग असते, फिरायला छान. पण सगळेच सांगतायत म्हणजे नक्की काहीतरी गडबड असणार, नाही का? मी मोजूनमापून शोधायचं ठरवलं. चालत जाता येईल असं हॉस्पिटल हवं. समोर पोलीस चौकी हवी. शेजारी बार नको, डिस्को नको. कंपाउंडची भिंत उंच हवी, फाटकावर माणूस हवा, खोली तळमजल्याला हवी. तीन आठवडे मी नकाशावर गोल काढत बसलो. शेवटी सगळे गोल जिथे एकमेकांवर आले तिथे अख्ख्या मासेयोत एकच इमारत उरली.

फोटो उघडले आणि जीव हरखला हो! अंगणात आंब्याचं मोठं झाड. व्हरांड्यात वेताच्या खुर्च्या. खुर्च्यांत पाहुणे डॉमिनो खेळत बसलेले, सगळे सत्तरीच्या पुढचे. मी म्हटलं, वा! जिथे म्हातारी माणसं उतरतात तिथे दंगा नसतो, पाणी उकळलेलं असतं आणि जेवण वेळेवर मिळतं. खाली लोकांचे अभिप्राय होते, कॉम्प्युटरने इंग्लिश करून दिलेले. "आई शेवटपर्यंत इथे आनंदात होती." मला वाटलं, ट्रिपच्या शेवटपर्यंत. "आमचे काका इथे नऊ वर्षं होते, एकदाही तक्रार केली नाही." मी मनात म्हटलं, दर वर्षी येत असणार, काय ही निष्ठा!

आणि मग नियमांची पाटी. दुपारी एक ते तीन पूर्ण शांतता. भेटायला येणाऱ्यांसाठी तीन ते पाच. संध्याकाळी सातला फाटक बंद. बाहेरचं खाणं आणू नये. प्रवेश मुलाखतीनंतरच मिळेल.

मुलाखतीनंतर! इथे दुसरा कोणी असता तर त्याने कॉम्प्युटर बंद केला असता. पण मी पुण्याचा. गिऱ्हाईक नको असल्यासारखं जिथे वागवतात तिथला माल अस्सल, हे आमच्या हाडीमासी भिनलेलं. बुकिंगच्या एकाही साइटवर ते हॉटेल नव्हतं. त्याचा तर मला आणखीच आदर वाटला. इमारतीच्या पाटीवर पोर्तुगीजमध्ये काहीतरी लांबलचक लिहिलं होतं, ते मी वाचायच्या भानगडीत पडलो नाही. ऑफिसात एकेक ओळ तीनदा वाचणारा माणूस मी!

सरळ ईमेल टाकली. उत्तर आलं दोना सेलिया नावाच्या बाईंचं, तिथल्या व्यवस्थापक. त्या पोर्तुगीजमध्ये लिहायच्या, मशीन त्याचं इंग्लिश करायचं. "तुमचं पत्र वाचून बरं वाटलं. स्वतःहून लिहिणारे फार कमी असतात. घाबरू नका, इथे सगळ्यांची काळजी घेतात. सोबतचा फॉर्म भरा."

फॉर्म अकरा पानी होता. तुम्ही म्हणाल, तेव्हा तरी ट्यूब पेटायला हवी होती. पण या देशात राहून मला अशा फॉर्मांची सवयच झालीय. इथे जिमला नाव घालायला गेलो तरी चक्कर येते का, धर्म कोणता, घरात पडलात का, सगळं विचारतात. मी निमूट भरायला बसलो.

चालताना आधार लागतो का? सामान असेल तर हो. आंघोळीला मदत हवी का? मला वाटलं, मसाजबिसाजची सोय असेल, केलं टिक. घरी येताना रस्ता चुकता का? नेहमी, माझ्या गावात सगळे राउंडअबाउट सारखे दिसतात. जेवलो की नाही हे विसरता का? वर्क फ्रॉम होम असेल तर. नातेवाईकांना ओळखता का? मी लिहिलं, मी ओळखतो.

पण सातव्या पानापासून फॉर्म बदलला. झोप लागते का? जेवताना सोबत कोण असतं? तुमच्यासाठी शेवटचं कोणी काय शिजवलं होतं? कशाने हसू येतं?

आता खरं सांगतो, इथे माझा पेन थांबला. अकरा वर्षांत हे मला कोणीही विचारलं नव्हतं. कोणाचा दोष नाही. 'हाउ आर यू' विचारून माणसं पुढे चालू लागतात, मीही लागतो. आणि इथे सात हजार किलोमीटरवरच्या एका हॉटेलला मी कोणाबरोबर जेवतो हे जाणून घ्यायचं होतं! मी सगळं लिहिलं. लॅपटॉपबरोबर जेवतो. आई गेली त्याच्या आदल्या दिवाळीत तिने केलेल्या करंज्या शेवटच्या. शुक्रवारी लॅपटॉप बंद केला की सोमवारपर्यंत माझाच आवाज माझ्या कानावर पडत नाही, म्हणून सकाळी केटलला गुड मॉर्निंग म्हणतो, आवाज चालू आहे ना ते बघायला. जागा पुरली नाही तेव्हा मागे कोरे कागद जोडले.

शेवटच्या पानावर एकच प्रश्न होता. तुमच्या घराची किल्ली ज्याच्याकडे आहे अशा जवळच्या माणसाचं नाव, ईमेल. माझी किल्ली कोणाकडेच नव्हती. दुसऱ्याला किल्ली देणं ही माझ्या रजिस्टरमधली सगळ्यात जुनी रिस्क. दुसरी किल्ली ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये कुलपात असते. पण रकाना रिकामा कसा सोडणार? समीरचं नाव लिहिलं. अख्ख्या फॉर्ममध्ये तेवढंच एक खोटं होतं.

मुलाखत रविवारी दुपारी दोनला ठरली, व्हिडिओवर. त्या रविवारी बाराच्या सुमारास माझी बेल वाजली. माझी बेल पार्सलवाल्याशिवाय कोणी वाजवत नाही. दार उघडलं तर समीर आणि मृणाल! समीरचा चेहरा उतरलेला, मृणालच्या हातात मसालेभाताचा भला मोठा डबा.

"तुम्ही? अरे, फोन नाही काही नाही!"

"मंद्या," समीर माझ्या खांद्यावर हात ठेवून फार हळू आवाजात बोलला, "आम्हाला आधी सांगायचंस रे."

मला वाटलं, ट्रिपला आग्रह केला नाही म्हणून रुसलाय. म्हटलं, "अरे, विचारलं होतं की तुला! तूच म्हणालास, तू जा."

समीरने डोळेच मिटून घेतले. मृणाल म्हणाली, "मंदार, आज वार कोणता?"

"रविवार."

"महिना?"

"फेब्रुवारी. का गं?"

"शंभरातून सात वजा कर. मग त्यातून परत सात."

"त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी... मृणाल, काय चाललंय?"

तिने समीरकडे बघून मान हलवली, म्हणजे डोकं ठीक दिसतंय. समीर सोफ्यावर बसला. "किती दिवसांसाठी जाणारेस?"

"सध्या दोन आठवडे. पण बाई म्हणाल्या, आवडलं तर हवं तितकं राहा."

"इथेच बघू ना रे काहीतरी. मिल्टन कीन्समध्येच."

"मिल्टन कीन्समध्ये समुद्र कुठाय?"

"समुद्र नसू दे, आम्ही आहोत ना! आणि तुझ्या ऑफिसचे ते लोक? त्यांना माहितेय का?"

आता खोटं निस्तरायला हवं होतं. मी म्हटलं, "हो, म्हणजे काय, सगळे तिथेच राहणार आहेत."

समीर उभाच राहिला. "आठही जण?"

"आठही."

"मृणाल, अगं, याचं अख्खं ऑफिस वृद्धाश्रमात चाललंय!"

तर असं झालं होतं. दोना सेलियांनी माझा फॉर्म 'जवळच्या माणसाला' पाठवला होता. सोबत चिठ्ठी होती, की कुटुंबाची संमती कळवा आणि येताना त्यांची आवडती चादर आणि घरच्यांचे दोन फोटो आणा. मृणालने फोनवर ती इमारतीची पाटी मोठी करून माझ्यासमोर धरली, खाली भाषांतर. वृद्ध निराधारांसाठी निवास. मी ते तीनदा वाचलं. या वेळी तीनदा!

मला आधी हसू आलं, मग कानशिलं तापली. मी एकसष्ट ओळींचं रजिस्टर करून, तीन आठवडे खपून, ब्राझीलच्या अख्ख्या किनाऱ्यावरून एक वृद्धाश्रम निवडला होता. आणि समीरच्या हातात माझ्या फॉर्मचा प्रिंटआउट होता. सातव्या पानावर उघडून दुमडलेला.

"केटलला?" तो म्हणाला. "मंद्या, केटलला?"

ऑफिसचे आठ जण मुळात नाहीतच, हेही आता त्याला कळून चुकलं होतं. चाळीस मैलांवरचा मित्र, आणि त्याला माझी खबर मासेयोहून कळावी. मला लाज वाटली, आणि त्याहून जास्त, बरं वाटलं.

तेवढ्यात दोन वाजले आणि लॅपटॉप वाजायला लागला. मुलाखत! बंद करावा तर बाई वाट बघत असणार. उचलला. पडद्यावर दोना सेलिया, पांढरे केस, गळ्यात चष्मा, शेजारी इंग्लिश येणारी एक नर्स. मागे आंब्याच्या झाडाखाली सगळी डॉमिनो मंडळी खुर्च्या आमच्याकडे वळवून बसलेली.

मी काही सांगायच्या आत नर्स म्हणाली, "सेन्योर मंदार, नियमाने वय पासष्ट लागतं. तुम्ही शेहेचाळीस. पण तुमची उत्तरं वाचून दोना सेलियांना राहवेना. त्यांनी तुमचा फॉर्म जेवणाच्या वेळी सगळ्यांना वाचून दाखवला."

"सगळ्यांना?"

"बावीस जणांना. केटलचं दोनदा वाचावं लागलं, लोकांनी मागितलं म्हणून. वयाची अट सोडायला सगळे तयार होते."

शेजारी समीर श्वास रोखून बसला होता.

"मग सेन्योर आउगुस्तो उठले." मागच्या खुर्चीतून एक वाळलेला हात वर झाला. "ते एक्क्याण्णव वर्षांचे आहेत. ते म्हणाले, शेवटचं पान परत वाचा. याच्या घराची किल्ली एका मित्राकडे आहे. आपल्यातल्या कितीजणांना असं कोणी होतं? ज्याला असा मित्र आहे त्याला खोली दिली, तर ज्याला कोणीच नाही त्याची जागा जाईल. मग मतदान झालं, सगळ्यांचं एकच मत पडलं. माफ करा, तुमचा अर्ज नामंजूर झालाय."

ऐका! वृद्धाश्रमातून नापास! तेही एकमताने!

दोना सेलिया स्वतः काहीतरी बोलल्या. नर्सने सांगितलं, "त्या म्हणतायत, या जरूर, पण पोन्ता व्हेर्देला उतरा, समुद्रासमोर, कुठल्याही बऱ्या हॉटेलात. सगळे तिथेच उतरतात. आमच्याकडे भेटायची वेळ तीन ते पाच. सेन्योर आउगुस्तोंना डॉमिनोला नवीन माणूस हवाय."

लॅपटॉप मिटला. समीरने हात पुढे केला, पालथा नाही, उताणा.

"काय?"

"किल्ली."

"अरे, ती दुसरी ऑफिसात..."

"मंद्या. किल्ली."

मी जुडग्यातून माझीच काढून त्याच्या हातावर ठेवली. म्हटलं, उद्या ऑफिसातून दुसरी आणू, तोवर दार आतून तर उघडतंच. मग आम्ही मसालेभात खाल्ला. तिघांनी मिळून. ऑक्टोबरच्या हाफ-टर्मला, शाळेला सुट्टी असताना, मासेयोचं बघू, असं समीर म्हणाला. बघू. मार्चचं माझं तिकीट काढलेलं आहे, एकट्याचं.

चारला ते निघाले. गाडी वळणापाशी दिसेनाशी झाली आणि घर एकदम मोठं वाटायला लागलं. काहीतरी करायचं म्हणून मी कचऱ्याचा बिन बाहेर ठेवायला गेलो. मागे दार 'टक्' करून लागलं.

मी पायरीवर उभा, स्लिपरवर, टी-शर्टात, फेब्रुवारीत. फोन आत. एक किल्ली ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये सेफ आणि दुसरी एम वन हायवेवर, सत्तर मैलांच्या वेगाने स्टॅनमोरकडे निघालेली. एकसष्ट ओळींत ही ओळ नव्हती हो! शेवटी शेजारचं दार वाजवलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्या बाईंच्या घरात पाऊल टाकलं. त्यांचं नाव जोन आहे. समीरचा नंबर मात्र तोंडपाठ होता, कारण अकरा वर्षं प्रत्येक फॉर्मवर इमर्जन्सी कॉन्टॅक्ट म्हणून तोच लिहीत आलोय.

समीर अर्ध्या वाटेतून, ल्यूटनपासून परत फिरला. आल्यावर आधी पोटभर शिव्या घातल्या, मग दार उघडलं, मग म्हणाला, आलोच आहे तर चहा टाक. वर्षातून एकदाही न येणारा माणूस एका दिवसात दोनदा माझ्या घरी आला!

मृणाल अजून विचारते, मुद्दाम केलंस ना ते? नाही हो, देवाशपथ नाही. पण त्या दिवशी रजिस्टरमध्ये बासष्टावी ओळ घातली. रिस्क, किल्ली समीरकडे असताना दार लागणे. पुन्हा होण्याची शक्यता, भरपूर. उपाय, करू नये.